काळोबाचं कवच

१

काळोबानं कवच टाकलं ते वैशाखातल्या एका सोमवारी, सकाळची आरती चालू असताना. घंटेचा टोल पडला आणि त्याच्या पाठोपाठ मडकं फुटल्यासारखा आवाज आला. देवाच्या अंगावरचं शेंदराचं जाड आवरण चांदीच्या डोळ्यांसकट सुटलं आणि खाली येऊन पडलं.

नव्या आंबेघोलला हा सणाचा दिवस असायला हवा होता. काळोबाला नाक नाही, हातपाय नाहीत. तो तांदळा; टाकीचा घाव न लागलेला, घागरीएवढा दगड. जत्रेगणिक त्याला शेंदूर चढतो, थरावर थर बसतो, आणि पिढीत एखाद्या वेळी देव ते सगळं ओझं उतरवून मोकळा होतो. मग गावच्या लेकीसुनांनी त्याला दुधानं न्हाऊ घालायचं, कवच वाजतगाजत नदीत सोडायचं, आणि उघड्या दगडाला गुरवानं नवा शेंदूर लावायचा.

बायका कळशा घेऊन आल्या. पुढं बयाबाई होती, ऐंशी ओलांडलेली. धरण व्हायच्या आधी, जुन्या गावात, नवी सून म्हणून तिनं एकदा हे न्हाण घातलं होतं. देवाला उघडं पाहिलेलं दुसरं माणूस आता गावात उरलं नव्हतं. तिनं दूध ओतलं, दगडावरून हात फिरवला, आणि तो हात तसाच थांबला.

"ह्यो आपला द्येव न्हवं," ती म्हणाली.

सुनेनं तिला दटावलं. म्हातारीनं हात काढला नाही. "आपला द्येव काळा हुता, गं. ह्यो तांबडा हाय."

आणि तो तांबडाच होता. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा.

दुपार कलेपर्यंत गावाच्या तोंडी एकच नाव होतं, ज्ञानू गुरवाचं. गाभाऱ्याची किल्ली त्याच्याकडं. शिमग्यानंतर आठवडाभर त्यानं दार आतून लावून घेतलं होतं आणि कुणाला पायरी चढू दिली नव्हती. देवस्थानचे अध्यक्ष आकारामतात्या, सत्तरीकडं झुकलेले जुने पैलवान, भर देवळात त्याच्यासमोर उभे राहिले.

"तुझ्या बाच्या हातनं मी देव डोक्यावर घेतलता, ज्ञानू. त्यो तू कुणाला इकलास?"

ज्ञानूनं खालचे दुधाचे ओघळ फडक्यानं टिपले, फडकं पिळलं, आणि तो बाहेर गेला.

रविवारी ग्रामसभा ठरली. गुरवकी काढून घ्यायची आणि त्याला पोलिसांच्या हवाली करायचं, हे तिथं फक्त बोलून दाखवायचं राहिलं होतं.

२

निशिगंधा पेंढारकर कोल्हापुरात भूजल शोधणाऱ्या सरकारी खात्यात होती. विहीर कुठं खणावी, पाणी कुठल्या थरात अडेल, हे सांगण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. नव्या आंबेघोलच्या दोन विहिरी तिनंच दाखवलेल्या, आणि दोन्हींना पाणी लागलेलं. म्हणून सरपंच वर्षाराणीनं तिला फोन केला.

निशिगंधा आधी नको म्हणाली. तिला दगड कळत होते, चोऱ्या कळत नव्हत्या. वर्षाराणीनं तिचं ऐकून घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की ज्ञानूच्या घरात कालपासून चूल पेटलेली नाही, दुकानदार त्याच्या बायकोला मीठ देईना.

"चोर धरू नका, म्याडम. त्यो दगड कुठला, तेवढं सांगा. गुरवकी गेली की त्यांना गाव सोडावं लागणार. आणि त्यांनी जायचं कुठं? एक गाव पाण्यात गेलं की आमचं."

बुधवारी सकाळी निशिगंधा गाभाऱ्यात गुडघ्यावर बसली. हातोडी तिनं पिशवीतच ठेवली होती. देवावर हातोडी चालवायची नसते, एवढं तिला कळत होतं. पण सवयीनं तिनं बोट ओलं करून दगडावर ओढलं, आणि दारातल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या.

भिंगाची गरज नव्हती. तो जांभा होता. हजारो पावसाळे खडकाला धूत राहतात, मऊ ते वाहून जातं, लोखंड मागं उरतं आणि गंजून तांबडं होतं, त्याचा जांभा. घाटमाथ्यावर सपाट सडे पसरलेले असतात, त्यांच्या डोक्यावर त्याची जाड टोपी असते. इथं, पेठ वडगावच्या या काळ्या रानात, विहीर कितीही खोल न्या, खाली काळाच पाषाण. आजूबाजूच्या उसात जांभ्याचा खडा शोधून सापडला नसता.

तिनं देवाच्या पाठीमागं हात घातला. तिथं भोकं कमी होती आणि लांबट, सपाट वार होते. कुऱ्हाडीचे. जांभा जमिनीतून ताजा काढला की ओला असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. म्हणजे तांदळा म्हणवणारा हा दगड कुणीतरी आकार देऊन तांदळा केला होता, आणि तोही टाकीनं नाही. पाथरवटाचं हे काम नव्हतं.

"कवच कुठंय?" तिनं विचारलं.

तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली. वर्षाराणीनं कपाळावर हात मारला. कवच मघाशीच निघालं होतं, वारणेला, विसर्जनाला. या सगळ्या प्रकरणात एकच साक्षीदार होता, आणि तो टोपलीत बसून पाण्याकडं चालला होता.

३

वर्षाराणीच्या स्कूटरवरून त्या घाटावर पोचल्या तेव्हा आकारामतात्या गुडघाभर पाण्यात उभे होते. डोक्यावर टोपली, मान ताठ, एकही हात टोपलीला नाही. तालमीत मुरलेलं अंग म्हातारपणीही तोल विसरत नाही.

निशिगंधानं हाक मारताच ते न वळता म्हणाले, "पावणं, हे देवाचं हाय. ह्यात तुमचं काय काम?"

ती चपला काढून पाण्यात उतरली. तिनं सांगितलं की गावात कोण खरं आणि कोण खोटं, ते तिला माहीत नाही; पण देवाला चिकटून जितकी वर्षं हे कवच राहिलं तितकं कुणीच राहिलेलं नाही. त्याला विचारायचं आणि मग सोडायचं. नदी काही कुठं जात नाही.

तात्या टोपलीसकट काठाकडं वळले. मग रविवारपर्यंत थांबायला ते कबूल झाले.

देवळात परत आल्यावर निशिगंधानं कवच उपडं केलं. बाहेरून गुळगुळीत केशरी असलेलं ते आतून खडबडीत होतं. सगळीकडं बारीक बारीक शेंड्या उठल्या होत्या. तिनं ज्ञानूला हाक मारली. दोघांनी मिळून कवच उचललं आणि हळू दगडाला टेकवलं. शेंगेत दाणा बसावा तसं ते बसलं. प्रत्येक शेंडी आपल्या भोकात गेली.

वर्षाराणीच्या ते लगेच लक्षात आलं नाही. निशिगंधानं तिला समजावून दिलं. शेंदूर पातळ असताना भोकांत उतरतो आणि वाळतो. म्हणजे हे कवच काळ्या दगडावर वाढलेलंच नाही. त्याचा पहिला थर याच तांबड्या दगडावर बसला आहे. नव्या गावात आल्यापासून कवच कधी पडलं नव्हतं, हे सगळं गाव सांगत होतं. मग दगड बदलला तो गाव उठायच्या वेळी. त्या वर्षी ज्ञानू अंगणात गोट्या खेळत होता.

"देवाशपथ," वर्षाराणी म्हणाली, आणि ती खालीच बसली. "मग सुटलं की हे."

निशिगंधा मात्र कवचाच्या कडा बघत होती. फुटलेल्या कडेला पिवळं मेण होतं, मेणात चिंधीचे धागे, आणि वर ताज्या शेंदराचा लेप. कवचाला तडे गेल्याचं कुणालातरी आधीच कळलं होतं. ते पडू नये म्हणून त्यानं आठवडाभर दार लावून ते सांधलं होतं.

देवानं कवच टाकणं हे गुरवाचं भाग्य. आयुष्यात एकदा येणारं. ते टळावं म्हणून कुठला गुरव धडपडेल? आत काय आहे ते ज्याला माहीत होतं, तो.

तिनं मान वर केली. ज्ञानू तिच्याकडंच बघत होता.

४

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरताना ती फिरली. बापानं विकला, लेकानं झाकला, असं लोक म्हणू लागले. काल एकटा ज्ञानू चोर होता; आज त्याचा मेलेला बाप, अंबादास गुरव, त्याच्या जोडीला येऊन बसला. निशिगंधाला वाटलं, आपण या घराचं भलं करायला आलो आणि त्याच्यावर आणखी एक धोंडा ठेवला.

ती आकारामतात्यांच्या पुतण्याकडं गेली. विजयसिंहाची गावाबाहेर खडी फोडायची गिरणी होती. देवळाचा नवा चौथरा त्यानंच बांधलेला, आणि तांदळ्याच्या जागी संगमरवरी मूर्ती बसवावी असं तो उघड बोलायचा. त्यानं तिला खुर्ची दिली, थंड ताक दिलं, आणि तिचा प्रश्न पुरता व्हायच्या आत खडीच्या ढिगाकडं बोट केलं.

"म्याडम, हे बघा. डोंगरभर काळा दगड पडलाय माझ्या दारात. मी देव बदलला असता तर काळाच बसवला असता की. तांबडा आणायला मी काय येडा हाय?"

ती हसली, पण ताकाचा पेला हातात तसाच राहिला. या माणसानं नकळत सगळ्यांत मोलाचं काहीतरी सांगितलं होतं. काळ्या देवाच्या जागी दगड बसवायचा तर कुणीही काळाच शोधेल. चोर शोधेल, दलाल शोधेल. जुन्या गावाच्या ओढ्यातसुद्धा काळे गोटे पायलीनं मिळाले असते. तांबडा तोच घेईल ज्याच्या हाताशी दुसरा दगडच नाही. ज्याच्या पायाखाली, चारी बाजूंनी, नुसता जांभा आहे. आणि ज्याच्याकडं कुऱ्हाडीवाचून हत्यार नाही.

संध्याकाळी ती ज्ञानूच्या घरी गेली. त्यानं पाट दिला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. निशिगंधानं सरळ विचारलं की मेण त्यानंच लावलं ना. त्यानं होकारार्थी मान हलवली. कशासाठी, या प्रश्नावर त्याची नजर उंबऱ्याकडं गेली. काळा देव कुठं आहे, हे विचारल्यावर त्यानं कपबशी उचलली आणि मोरीत नेऊन स्वतः धुतली.

ती उठली तेव्हा तो दारापर्यंत आला.

"माझा बा चोर न्हवता," तो म्हणाला. "ह्याच्याफुडं मला काय इचारू नका, ताई. मला बोलता याचं न्हाय."

बोलता येत नाही, असं तो म्हणाला होता. भीतीनं गप्प बसलेला माणूस असा डोळ्याला डोळा देऊन उभा राहत नाही, हे तिला वाटेत सारखं आठवत राहिलं. तो कुणाला तरी वाचवत होता. बाप तर कधीच गेला होता. मग कुणाला?

५

बयाबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. निशिगंधानं तिला जुना देव आठवायला सांगितलं. म्हातारीनं डोळे मिटले. सांगण्याऐवजी तिनं ओवी धरली. जात्यावरच्या बायांनी ज्या सुरात आयुष्य काढलं त्या सुरात.

काळूबा माझा द्येव, गुडघ्याएवढा सावळा
त्येच्या काळ्या अंगावरी, चांदण्या गं झाल्या गोळा

"चांदण्या कसल्या, आज्जी?"

"पांढऱ्या. तांदळाच्या कण्या चिकटल्यागत. घासून निघंनात. मला वाटलं, सासूनं नीट धुतलं न्हाय."

निशिगंधा पुढं सरकली. काळ्या पाषाणात असे पांढरे स्फटिक उठलेले तिनं पाहिले होते. खोल जमिनीत वितळलेल्या खडकाचा रस सावकाश थंड होत असला की ते धरतात. तिनं आणखी ओव्या विचारल्या. म्हातारीला आणखी एकच आठवत होती.

काळूबा माझा द्येव, न्हाय कुणी घडीवला
कणा डोंगराचा बाई, भुईतनं वर आला

गावानं ही ओवी कौतुक म्हणून ऐकली होती. देवाचं कौतुक असंच करायचं असतं. निशिगंधानं ती दोनदा म्हणून घेतली आणि शब्दन् शब्द उतरवून घेतली.

तिथून ती आकारामतात्यांकडं गेली. देव कसा आणला, एवढंच तिनं विचारलं, आणि म्हातारा एकदम तरणा झाला. या माणसाला आयुष्यात हीच एक गोष्ट सांगायची होती.

त्या वर्षी धरणात पाणी लवकर चढलं. माणसं सामान घेऊन वर सड्यावर गेली, खोपी घालून राहिली. अंबादासकाका एकटा खाली देवळात. देव हलवताना गुरवाशिवाय गाभाऱ्यात कुणी जायचं नाही, असा रिवाज. दोन दिवस खालून पहारीचा आवाज वर येत होता. विचारलं तर काका म्हणायचा, देव अजून कौल देत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी पायरीला लागलं. आणि सकाळी काका सड्यावर उभा; पुढ्यात घोंगडीत गुंडाळलेला देव, बाहेर फक्त शेंदराचं टाळकं आणि चांदीचे डोळे.

नेणाऱ्यानं घोंगडी सोडायची नाही, मागं वळायचं नाही, बोलायचं नाही. आकाराम तेव्हा तालमीतला पहिला गडी. देव त्याच्या डोक्यावर आला. बाकीचं गाव ट्रकांतून गेलं. तो अनवाणी चालत आला, बिद्रीवरून, कोल्हापूर डावीकडं टाकून. मुक्कामाला देव भाताच्या पोत्यावर ठेवायचा आणि स्वतः जमिनीवर निजायचा.

"आन् एक सांगू?" तात्यांचा आवाज खाली आला. "आमच्या तालमीत उचलायची गोटी हुती, काळ्या दगडाची. देवाएवढीच. ती छातीला लावताना डोळ्यापुढं काजवं चमकायचं. पण देव डोक्यावर आला तवा निम्मासुद्धा वजनाचा न्हवता. फुलागत. माझ्यासाठी हलका झाला त्यो. ह्या जन्मात मला एवढंच मिळालं, पोरी. पर लई मिळालं."

त्यांचे डोळे भरून आले होते. निशिगंधाला उत्तर सापडलं होतं. ज्ञानू कुणासाठी गप्प आहे, तेही तिला त्या क्षणी कळलं. आणि आता आपणही गप्प बसावं की काय, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

६

रात्रभर तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. बोलावं तर या म्हाताऱ्याच्या हातात काय उरतं? न बोलावं तर रविवारी एक निर्दोष घर गावाबाहेर जातं. शनिवारी सकाळी ती वर्षाराणीच्या गाडीतून तात्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की जुन्या गावाला जाऊन येऊ. पाणी खाली गेलंय, देवळाचा चौथरा उघडा पडलाय म्हणतात.

बिद्री मागं पडलं, ऊस संपला, डोंगर जवळ आले. तात्या वाटेत झाडं दाखवत होते, इथं टेकलो, इथं पाणी प्यालो. धरणाच्या काठावर गाडी थांबली. खाली भेगाळलेला गाळ होता, पांढरे पडलेले बुंधे, घरांचे जोते. तात्या एकेक जोतं ओळखत चालले. ही तालीम. ही बयाबाईची चूल.

देऊळ ओढ्याच्या अंगाला होतं. निशिगंधा आधी ओढ्यात उतरली. पात्र आडवं कापून एक काळी भिंत गेली होती, चार हात रुंद, सरळ, कुणी बांधून काढल्यासारखी. दोन्ही काठांचा खडक भुसभुशीत, झिजलेला. ही मात्र तशीच उभी. तिनं बोट ओलं करून ओढलं. काळ्या अंगात पांढऱ्या कण्या चमकल्या.

तिनं तात्यांना सांगितलं, अगदी सावकाश. जमीन कधीकाळी फाटली, भेगेतून खालचा तापलेला रस वर चढला आणि चढता चढता तिथंच थिजला. भोवतालचं झिजून गेलं की अशी भिंत उरते. ती जितकी वर दिसते त्याच्या कितीतरी पट खाली गेलेली असते. भिंतीच्या माथ्यावरून ते तिघं चालत गेले. ती थेट देवळाच्या चौथऱ्याखाली शिरत होती.

गाभाऱ्याच्या जागी फरशी उखडलेली होती. मधोमध, गुडघ्याएवढा, काळोबा उभा होता. शेंदूर पाण्यानं कधीच नेला होता. उघड्या काळ्या अंगावर उन्हात सगळ्या चांदण्या दिसत होत्या. आणि बुडाशी, चारी बाजूंनी, पहारीचे घाव होते. एकावर एक, जागा सापडेल तिथं. कुठंच भेग नव्हती. देव आणि खालची भिंत यांच्यामध्ये सांधाच नव्हता.

तात्यांनी पटका काढून बाजूला ठेवला. ते खाली वाकले, दोन्ही हातांनी दगडाला मिठी घातली, छाती टेकवली, पाय रोवले. गोटी उचलताना बसतात तसे. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. वर्षाराणी पुढं झाली, तिला निशिगंधानं हातानं थांबवलं.

त्यांनी पुन्हा जोर केला. मग मिठी तशीच ठेवून ते खाली बसले.

"मग माझ्या डोक्यावर काय हुतं?" त्यांनी विचारलं.

निशिगंधानं वर बघितलं. खोऱ्याच्या माथ्यावर सड्याची तांबडी कड उन्हात तापत होती. बाकीचं ती हळूहळू बोलली. पाणी पायरीला लागलेलं, हाताची सालं गेलेला एकटा माणूस. वर सारं गाव देवाची वाट बघत बसलेलं. त्यानं देवाचे चांदीचे डोळे काढून घेतले, शेंदराचं भांडं घेतलं, कुऱ्हाड घेतली आणि रिकामाच वर चढून गेला. खाली वळून दुसरा दगड शोधायला जमीन उरली नव्हती. सड्यावर जांभ्यावाचून काही नव्हतं. काळा दगड दोन दिवस पहार मारून थकलेल्या माणसाला एकट्यानं चढावर नेता आलाच नसता, आणि जांभा हातात हलका असतो.

तात्या सगळं ऐकत होते. गाल अजून दगडाला टेकलेला होता.

७

ग्रामसभा देवळासमोरच्या पारावर भरली. ज्ञानू एका कडेला, बायकोपोरांसह, जायच्या तयारीनं आल्यासारखा. वर्षाराणीनं निशिगंधाला बोलायला सांगितलं. ती उठणार तेवढ्यात तात्यांनी तिला खाली बसवलं.

"मी बोलतो," ते म्हणाले.

त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. भिंत, घाव, चांदण्या. गोटीची गोष्टही सांगितली, जी त्यांनी आजवर फुशारकीनं सांगितली होती; या वेळी ती सांगताना ते जमिनीकडं बघत होते.

"द्येव आलाच न्हाय. त्यो त्याच्या जाग्याला हाय, मी काल त्याला कवेत घेऊन आलोय. डोंगर उपटल्याबिगर त्यो याचा न्हाय. अंबादासकाकानं दोन दिस पहार मारली. आन् आपल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं त्याच्या जिवावर आलं, एवढाच त्याचा गुन्हा. ज्ञानूचा तेवढाबी न्हाय."

मग मागून कुणीतरी विचारलं की आतल्या दगडाचं काय करायचं. विजयसिंहाला हीच वेळ वाटली. तो मूर्तीचं बोलू लागला.

"गप, रं," बयाबाई म्हणाली. "आपल्यासंगट आलाय त्यो. माझी चार नातवंडं त्याच्या पायावर घातलीत मी. ती काय दगड बघून जगली व्हय?"

विजयसिंह बसला. म्हाताऱ्या बायकांत कुणीतरी पदरानं डोळे टिपले. गुरवकीची गोष्ट परत कुणी काढली नाही. ज्ञानूच्या शेजारी जी जागा रिकामी राहिली होती तिथं एकेक माणूस सरकून बसत गेला.

तात्या अजून उभेच होते. ते ज्ञानूकडं चालत गेले.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय. बानं जाताना सांगितलं."

"मी भर देवळात तुला चोर म्हणालो. गाव सुटत हुतं तुझं, पोरंबाळं उघडी पडत हुती. तरीबी तू तोंड उघडलं न्हाईस. का, रं?"

ज्ञानूनं पहिल्यांदा मान वर केली.

"तुमच्या डोक्यावरनं देव कसा उतरवू, तात्या?"

आकारामतात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तसाच ठेवून दोघं देवळाची पायरी चढले. आत तांबडा दगड उघडाच होता, सोमवारपासून.

"तेल काढ," तात्या म्हणाले. "आन् शेंदूर कालव. किती दिस त्याला असा ठेवायचा?"